मोजे कशाला काढायला लावता? तुम्ही विचारलंत म्हणून

"काय ओ डॉक्टर, दुखतीय पोटरी, मग मोजे कशाला काढायला लावता?" रोज एकदा तरी ऐकतो. बाहेर ४० माणसं बसलेली, मोज्यांचा वास खोलीभर, कंपाउंडर तोंड फिरवतो. मलाही हौस नाही.

पूर्वी मी काढायला लावतही नव्हतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात माग चालवणारा एक जण यायचा. "कन्ना चौकापर्यंत चाललं की पोटरी गच्च होती. जरा उभारलं की जातंय." मी म्हटलं, कमरेची नस. गोळ्या, पट्टा. दिवसभर मागापुढं उभारतो तेव्हा काहीच दुखत नाही, हेही त्यानं सांगितलं होतं. नस दबलेला माणूस बसतो नाहीतर वाकतो, तेव्हा त्याला आराम पडतो. हा नुसता उभारला की बरा. पायाला रक्त कमी पडतंय, हे तो स्वतःच सांगत होता. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "रात्री पाय खाटेखाली सोडला तरच झोप लागती." मी झोपेची गोळी लिहिली. ती चिठ्ठी अजून त्याच्या घरी असेल, माझ्या अक्षरातली.

अंगठा काळा पडल्यावर मोजा काढला तो त्याच्या बायकोनं. पाय गुडघ्याखालून गेला.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो: विडी तो सोडणार नव्हता, साखर वाढलेली, पाय तसाही गेला असता. असेलही. पण नाडी बघायला घोट्यामागं दोन बोटं ठेवायला अर्धं मिनिट लागतं, तेवढंही मी दिलं नव्हतं.

म्हणून आता बघतो. कातडी चकचकीत, केस झडलेले, एक पाय दुसऱ्यापेक्षा गार. वर धरला की पांढराफटक, खाली सोडला की लालभडक. पावलावरची नाडी काही धडधाकट माणसांतही जन्मतः लागत नाही, म्हणून घोट्यामागची, गुडघ्यामागची, जांघेतलीही चाचपतो. (घाईत स्वतःच्याच बोटाचे ठोके लागतात. फसलोय.) शंका आली तर घोट्याजवळ मोजलेलं ब्लड प्रेशर (त्यातला वरचा आकडा) भागिले दंडाचं, ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर रक्तवाहिनी अरुंद. मधुमेहात वाहिन्या कडक झाल्या की हाच आकडा उगाच चांगला येतो, त्यामुळं त्याच्यावरही पुरता विश्वास नाही.

परवा गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत एक गृहस्थ घाईत आले, घाईत गेले. बूट बांधलेलेच राहिले. पोटरी म्हणाले होते की गुडघा, मला आठवत नाहीये.