चार पेन्सिल सेल

1995 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या हॉलमधलं घड्याळ किमान आठ-दहा वेळा बंद पडलं असेल. आई दरवेळी म्हणायची की हल्ली सेलच बोगस निघतात, मग वाण्याकडे जाऊन त्याला चार शब्द सुनवायची, तो बिचारा नवा सेल द्यायचा, आणि मी मान खाली घालून कॉटवर गपचूप बसलेली असायचे, कारण घड्याळाचा सेल तेव्हा माझ्या हातातल्या गेमबॉयच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या, पोटात असायचा. त्याला चार पेन्सिल सेल लागायचे. दोन टीव्हीच्या रिमोटमधले, एक घड्याळातला आणि एक बाबांच्या छोट्या ट्रान्झिस्टरमधला, असा माझा हिशोब होता. म्हणजे मी खेळायला बसले की घरात वेळ, बातम्या आणि चॅनल बदलणं तिन्ही बंद.

मामा मस्कतला होता. सुट्टीवर आला की टँगचा डबा, अत्तराच्या बाटल्या आणि लहानांसाठी काहीतरी असं ठरलेलं असायचं. त्या वर्षी त्याने बॅगेतून एक राखाडी ठोकळा काढला, साबणाच्या दोन वड्या एकाखाली एक ठेवल्यासारखा, डावीकडे अधिकच्या चिन्हाचं बटण, उजवीकडे दोन जांभळट लाल बटणं, खाली तिरप्या रेघांचा स्पीकर. बरोबर दोन कॅसेट, वरून पडणारे ठोकळे रचायचं टेट्रिस आणि सुपर मारियो लँड. (हो, आम्ही कॅसेटच म्हणायचो, कार्ट्रिज वगैरे शब्द फार नंतर कळले.) नाशिकच्या आख्ख्या सिडकोत असं दुसरं मशीन नव्हतं असं मला वाटायचं आणि बहुतेक ते खरंच असावं.

पण भाव मिळाला का? अजिबात नाही. कारण शेजारच्या पोराकडे मेन रोडवरून आणलेला ब्रिक गेम होता आणि त्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं 9999 इन 1. "तुझ्यात दोनच गेम? माझ्यात नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव आहेत भो." यावर काय बोलणार. शिवाय त्याचं दोन सेलमध्ये भागायचं. पुढे कधीतरी आम्ही गच्चीवर बसून ते 9999 मोजायला घेतले तेव्हा लक्षात आलं की खरे गेम बोटावर मोजण्याइतके, बाकी नुसता स्पीड आणि लेव्हल बदलून आकडा फुगवलेला. त्याची स्क्रीन म्हणजे दहा बाय वीस चौकोन आधीच छापून ठेवलेले, ते फक्त चालू किंवा बंद व्हायचे, त्यामुळे गाडी असो, साप असो की रणगाडा, सगळं त्याच चौकोनांचं. गेमबॉयची स्क्रीन 160 बाय 144 ठिपक्यांची, त्यावर काहीही काढता यायचं, मिशा असलेला मारियोसुद्धा. पण हे तेव्हा समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, आणि तसं बघितलं तर तो ब्रिक गेम टेट्रिसचीच नक्कल. आपल्याकडच्या बहुतेक पोरांनी टेट्रिस आधी त्यावरच पाहिलं, खऱ्या गेमबॉयचं तोंडही न बघता.

आता खरं सांगायचं तर स्क्रीन भिकार होती. शेवाळलेल्या पाण्यासारखा हिरवट-पिवळा रंग, त्यावर चार छटा, रंग नाहीत, आणि आतून लाईट नाही. उन्हात खेळायचं तर चकाकी आणि घरात खेळायचं तर अंधार, त्यामुळे खिडकीजवळ एका ठराविक कोनात वाकडं बसावं लागायचं, आजी म्हणायची पोरगी पाठीला पोक आणून घेतेय. बाजूला कॉन्ट्रास्टची चकती होती, ती सतत फिरवत बसायचं. आणि सगळ्यात मोठा विनोद म्हणजे लाईट गेल्यावर घरातलं हे एकच करमणुकीचं मशीन चालू राहायचं पण दिसायचं मात्र काहीच नाही, मग मी मेणबत्तीच्या इतकी जवळ जायचे की एकदा पुढचे केस जळले.

तर मग अशा मशीनने जग कसं काय जिंकलं? मला ही गोष्ट खूप नंतर, इंजिनिअरिंगला असताना वाचून कळली आणि तेव्हापासून मी त्याची भक्त आहे.

गेमबॉय ज्यांच्या विभागात तयार झाला ते गुनपेई योकोई 1965 मध्ये निन्टेन्डोत लागले. तेव्हा ही कंपनी क्योटोत हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवायची, आणि योकोईंचं काम काय, तर पत्त्यांच्या मशीनची देखभाल. म्हणजे चक्क मेंटेनन्स! माझे बाबा अंबड एमआयडीसीत एका कंपनीत आयुष्यभर मेंटेनन्सलाच होते, त्यामुळे हे वाचलं तेव्हा मी पुस्तक घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि त्यांना ते वाचून दाखवलं. योकोईंनी रिकाम्या वेळात एक लांब होणारा चिमटा बनवला, तो कंपनीचे अध्यक्ष यामाउचींनी पाहिला आणि 1966 मध्ये अल्ट्रा हँड नावाचं खेळणं म्हणून बाजारात आणला. मग 1980 ला गेम अँड वॉच, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनचे खिशातले गेम, आणि त्यातल्याच 1982 च्या डाँकी काँगमध्ये ते अधिकच्या चिन्हाचं बटण, जे आज जवळपास कुठल्याही कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली दिसतं.

त्यांचं एक सूत्र होतं. इंग्रजीत त्याचं भाषांतर सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार असं काहीतरी करतात आणि ते ऐकायला फार रुक्ष लागतं. माझ्या मते मराठीत त्याला नेमका शब्द आहे, मुरलेलं. लोणचं मुरतं तसं. जे तंत्र सगळ्यांना नीट समजलंय, स्वस्त झालंय, ज्याच्या सगळ्या खोड्या माहीत झाल्यात, ते घ्या आणि त्याचा कुणाला न सुचलेला वापर करा. गेमबॉय 21 एप्रिल 1989 ला जपानमध्ये आला, साडेबारा हजार येनला, तेव्हा त्यातला 8 बिटचा प्रोसेसर 4.19 मेगाहर्ट्झचा होता, म्हणजे तेव्हाही काही फार भारी नाही. त्याच वर्षी अटारीने लिंक्स काढला, रंगीत, आतून लाईट असलेला. पुढच्या वर्षी सेगाने गेम गिअर आणला, तोही रंगीत, तोही उजेडाचा, समोरासमोर ठेवले तर गेमबॉय म्हणजे लग्नात धुवट सदरा घालून आलेला पाहुणाच. पण गेम गिअरला सेल लागायचे सहा आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेमबॉय चार सेलवर आरामात 15 तास चालायचा. ज्या घरात पोरगी घड्याळातला सेल चोरतेय त्या घरात कोण जिंकणार हे सांगायला मार्केटिंगवाला लागत नाही. सेगाचं मशीन एक कोटीच्या आसपास खपलं, आणि गेमबॉय त्याच्या नंतरच्या रंगीत भावंडासकट 11 कोटी 86 लाखांच्या वर.

बाबांना मी हे सगळं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. नवं मशीन आणलं की पहिली दोन वर्षं फक्त त्याचे नखरे काढायचे."

टेट्रिसबद्दल लिहायचं तर आईबद्दल लिहावं लागेल. सेलचोरी अखेर पकडली गेली (रिमोट उघडा पडलेला होता, माझीच चूक), मशीन आठवडाभर जप्त झालं आणि फडताळात वर ठेवलं गेलं. त्या आठवड्यात दुपारी सगळं आवरल्यावर आईने ते उघडून पाहिलं. कसं चालू करायचं हे तिने मला खेळताना बघितलेलं होतंच. जप्ती संपली तेव्हा माझा सगळ्यात मोठा स्कोअर आईच्या निम्म्यावर होता! आणि यात नवल काहीच नाही, सिडकोच्या त्या दोन खोल्यांत फडताळात बावीस डबे, पाहुण्यांच्या गाद्या आणि वर्षभराचं धान्य बसवणारी बाई ती, ठोकळे बसवायला तिला कोण शिकवणार. आम्ही लांब चार चौकोनी तुकड्याला काठी म्हणायचो. आई कडेला एक उभी फट ठेवून काठीची वाट बघत बसायची, काठी आली की चार ओळी एका झटक्यात उडायच्या आणि ती शांतपणे म्हणायची, "झालं केर काढून."

गंमत म्हणजे हे असं व्हावं असाच तर डाव होता. टेट्रिस अलेक्सेई पाजितनोव यांनी 1984 मध्ये मॉस्कोत लिहिलं, आणि गेमबॉयसाठी त्याचे हक्क मिळवायला धडपडणारे हेंक रॉजर्स निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या साहेबाला म्हणाले होते की लहान पोरांनीच घ्यावा असं वाटत असेल तर बरोबर मारियो द्या, सगळ्यांनी घ्यावा वाटत असेल तर टेट्रिस द्या. त्यांनी टेट्रिस दिलं. नाव गेमबॉय, पण आमच्या घरात त्या मशीनच्या खऱ्या मालकिणी दोन. 1993 मध्ये तर अलेक्सांद्र सेरेब्रोव नावाचा रशियन अंतराळवीर हेच टेट्रिस अवकाशात घेऊन गेला होता. आणि हा आख्खा गेम 32 किलोबाईटचा. मावशी रोज सकाळी ग्रुपवर सूर्योदयाचा जो फोटो टाकते ना, त्या एका फोटोत अशी पाच-सहा टेट्रिस आरामात बसतील.

एक गोष्ट मात्र राहून गेली. मशीनच्या बाजूला एक छोटं भोक होतं, त्यात वायर लावून दोन गेमबॉय जोडता यायचे. त्याच वायरवरून 1996 मध्ये पोकेमॉन उभं राहिलं, ते बनवणारे सातोशी ताजिरी यांना म्हणे त्या वायरवरून किडे सरपटत इकडून तिकडे जातायत असं दिसायचं. आम्हाला पोकेमॉन टीव्हीवर भेटलं, तेही फार उशिरा, आणि ते मुळात आपल्याच फडताळातल्या मशीनवरचा गेम आहे हे तेव्हा मला माहीतसुद्धा नव्हतं. आमच्या त्या भोकात धुळीशिवाय काहीच गेलं नाही. जोडणार कुणाला?

2003 ला इकडे सिंहस्थ भरला, तिकडे गेमबॉयचं उत्पादन थांबलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, रामकुंडावरून आलेली ओली पोरं, आणि त्यांच्या ओढाओढीत गेमबॉय गॅलरीतून खाली पडला. चालू झाला! आधी रिकाम्या स्क्रीनवर वरून निन्टेन्डो हे नाव सावकाश खाली उतरतं आणि टिंग वाजतं, ते सगळं नीट झालं. (ते नाव नीट उतरणं म्हणजे मशीन कॅसेटची ओळख तपासतं. कॅसेटच्या पट्ट्या मळल्या की नावाच्या जागी काळा ठोकळा येतो आणि पुढे काही होत नाही. आम्ही फू करून फुंकायचो, ते चूक, थुंकीने पट्ट्या गंजतात. हलकं खोडरबर फिरवा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.) पण स्क्रीनवर उभ्या पांढऱ्या रेघा आल्या, ठिपक्यांच्या रांगाच गायब.

बाबांनी उघडायला घेतला तर तीन पात्यांचे विचित्र स्क्रू. दुसऱ्या दिवशी कंपनीतून एक बारका पेचकस घासून आणला. आत स्क्रीनच्या खालच्या कडेला एक चपटी पट्टी चिकटवलेली असते, तिचा चिकटा सैल झाला की तेवढ्या रांगा मरतात. बाबांनी सोल्डरिंग आयर्न थोडं गार होऊ दिलं आणि त्या पट्टीवरून इस्त्री फिरवावी तसं हळूच फिरवलं, आणि एकेक रेघ जिवंत झाली. कुठल्या पुस्तकात वाचून नाही, नुसतं बघून. आज जगभरात जुने गेमबॉय दुरुस्त करणारे लोक नेमकं हेच करतात.

गेल्या महिन्यात रेघा परत आल्या. बाबांचा हात आता थरथरतो, म्हणून ते खुर्चीत बसून सांगत होते आणि आयर्न माझ्या हातात. "दाबू नकोस. थांब. गार होऊ दे. आता." सहापैकी पाच रेघा गेल्या. सहावी उजव्या बाजूला राहिलीच, स्कोअरच्या आकड्यातून आरपार. म्हटलं आणखी एकदा फिरवते, तर बाबा नको म्हणाले, पट्टी जळेल. बाजारात हल्ली नव्या उजेडाच्या स्क्रीन मिळतात, मागवून बसवूया का असं मी आईला विचारलं.

आईने चष्मा लावला, खिडकीजवळ गेली, कॉन्ट्रास्टची चकती थोडी फिरवली. "रेघ ठोकळ्यांच्या बाहेर आहे ना? मग राहू दे. स्कोअर बघून काय करायचंय मला," म्हणाली आणि स्टार्ट दाबलं.