पीसीपी एअर रायफल : हवा, हॅमर आणि छर्रा यांचा मेळ

पीसीपी एअर रायफल, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, हाती आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न तिचा वेग किती वाढवता येईल, हा असतो. लक्ष्यावर नेमबाजी करणाऱ्याने हा प्रश्न बाजूला ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. कागदावर भोक पाडायला फारशी शक्ती लागत नाही. प्रत्येक छर्रा आधीच्या छर्र्याइतक्याच वेगाने आणि तशाच प्रकारे नळीबाहेर पडणे, हीच अचूकतेची अट आहे, आणि ट्यूनिंगचे सारे काम त्या एका अटीसाठी करायचे असते. शिवाय एअर रायफलच्या शक्तीवर अनेक देशांत कायद्याची मर्यादा असते, आणि ती ओलांडणारा बदल अचूकतेच्या नावाखालीही करता येत नाही.

दहा मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील लक्ष्य पाहिले की हे नीट समजते. त्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघ्या ०.५ मिमी व्यासाचे असते आणि छर्रा ४.५ मिमी व्यासाचा. छर्र्याची कड वर्तुळाला स्पर्शून गेली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडला पाहिजे. आणि दशांश गुणांकनात मध्यापासून दर ०.२५ मिमी दूर गेल्यावर एक दशांश कमी होतो. स्पर्धेच्या रायफलीतून छर्रा साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो असे धरले, तर दहा मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे तो सुमारे १७ मिमी खाली येतो. वेगात ३ मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला की हे खाली येणे अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक बदलते, म्हणजे दोन दशांश गुण हातचे जातात. पल्ला वाढला की हाच फरक झपाट्याने वाढतो. २५ मीटरवर तो साडेतीन मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि ५० मीटरवर, रायफल पुष्कळ वेगवान असली तरी, वेगातील असमानता ग्रुपच्या, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छर्र्यांच्या भोकांच्या पुंजक्याच्या, उंचीत उघड दिसू लागते. उभा पसरलेला ग्रुप दिसला की मी आधी वेगाचा संशय घेतो; आडवा पसरलेला दिसला तर वारा, रायफल एका बाजूला कलणे किंवा ट्रिगरवरचे बोट यांचा.

स्क्रू-ड्रायव्हर आणि ॲलन की घेऊन रायफल उघडण्याआधी बाहेरची तपासणी पूर्ण करावी, हा माझा आग्रह आहे. स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) आणि ॲक्शन (आतली यंत्रणा) यांना जोडणारे स्क्रू, स्कोपचे माउंट, बॅरलला, म्हणजे नळीला, सिलिंडरशी धरणारी पट्टी यांपैकी एक जरी सैल असेल तर आतल्या कोणत्याही दुरुस्तीचा परिणाम मोजता येत नाही. स्क्रू दर वेळी सारख्याच ताणाने आवळावेत, शक्य असल्यास टॉर्क पान्याने. स्कोपमध्ये पॅरॅलॅक्सचे, म्हणजे डोळा हलल्यावर नेम सरकल्याचा भास टाळणाऱ्या जुळणीचे, अंतर ज्या पल्ल्यावर नेम धरायचा त्या पल्ल्याला जुळवलेले असावे, नाहीतर डोळा किंचित सरकला तरी क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकते आणि दोष विनाकारण रायफलवर येतो. नळीच्या तोंडाशी शांत आवाजासाठी नळकांडे बसवले असेल, तर ते काढून एक ग्रुप मारून पाहावा. आतल्या पडद्याला छर्रा किंचित जरी घासत असेल तर मधूनच एखादा छर्रा भलतीकडे जातो, आणि त्याचे कारण व्हॉल्व्हमध्ये शोधत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

यानंतर छर्रा. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी सुधारणा सगळ्यात कमी श्रमात इथेच मिळते, आणि तरीही नेमबाज सगळ्यात कमी लक्ष इथेच देतात. ४.५ मिमी हे नाममात्र माप आहे. चांगल्या प्रतीचे छर्रे ४.४८ पासून ४.५२ मिमीपर्यंत वेगवेगळ्या डोक्याच्या मापात मिळतात, आणि कोणत्या बॅरलला कोणते माप मानवेल हे मारून पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. जवळच्या कागदी लक्ष्यासाठी सपाट डोक्याचा छर्रा योग्य, कारण तो स्वच्छ गोल भोक पाडतो आणि गुण वाचणे सोपे जाते. पल्ला वाढला की गोलाकार डोक्याचा छर्रा घ्यावा, कारण सपाट डोक्याला हवेचा विरोध जास्त होतो आणि त्याचे स्थैर्य लांबवर टिकत नाही. छर्र्याची मागची कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती पातळ आणि मऊ शिशाची असते आणि डब्यात हलूनसुद्धा वाकते. वाकलेला छर्रा नळीत हवा सारखी अडवत नाही. असे छर्रे निवडून बाजूला काढावेत, आणि पुढे हौस असेल तर वजन करून गट पाडावेत. एकाच नावाच्या दोन डब्यांतील छर्रे वेगळ्या साच्यातून आलेले असू शकतात, म्हणून जे जुळले त्याच बॅचचे पुरेसे डबे घेऊन ठेवणे शहाणपणाचे. छर्रे हाताळल्यावर हात धुवावेत. शिसे पोटात जाऊ देऊ नये.

बॅरलची सफाई बेताने करावी. छर्र्याचे शिसे नळीत हळूहळू साचते आणि ग्रुप फुगू लागतो, तेव्हा ब्रीचकडून, म्हणजे छर्रा भरतात त्या मागच्या टोकाकडून, तोंडाकडे कापडाची पट्टी किंवा फेल्टचे बोळे ओढून नळी साफ करावी, आणि नळीच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, भिंगातून तपासावी, कारण छर्रा सर्वांत शेवटी तिलाच सोडतो. साफ केलेली नळी पहिले काही छर्रे इकडेतिकडे टाकते आणि मग स्थिरावते. ते छर्रे मोजणीत धरू नयेत. पितळी ब्रश मी वापरत नाही.

आता आतले काम. ट्रिगर सुटला की स्प्रिंगच्या जोरावर हॅमर पुढे धावतो आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर आदळतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, हवेचा एक घोट नळीकडे जातो, आणि मग हवेचा दाब व व्हॉल्व्हची छोटी स्प्रिंग मिळून तो पुन्हा बंद करतात. हे ‘मिळून बंद करणे’ फार महत्त्वाचे आहे. दाब जास्त असेल तर व्हॉल्व्ह उघडणे अवघड जाते आणि तो लवकर मिटतो. दाब कमी असेल तर तो जास्त वेळ उघडा राहतो, पण बाहेर येणारी हवा कमजोर असते. म्हणूनच रेग्युलेटर, म्हणजे व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या हवेचा दाब ठरावीक ठेवणारा भाग, नसलेल्या रायफलचा वेग पूर्ण भरलेल्या सिलिंडरवर कमी असतो, दाब उतरत गेला की वाढतो, मध्ये काही शॉट जवळजवळ सारखा राहतो आणि मग घसरतो. अशा रायफलचे ट्यूनिंग म्हणजे तो मधला सपाट भाग ओळखणे, आणि सिलिंडर कमाल दाबापर्यंत न भरता त्या भागाच्या सुरुवातीपर्यंतच भरणे. एवढे केले तरी साधी रायफल आश्चर्य वाटावे इतकी नीट चालते.

रेग्युलेटर असला तर हे चित्र बदलते. त्यात वाटीच्या आकाराच्या पोलादी वॉशरांच्या थरावर बसलेला पिस्टन असतो. व्हॉल्व्हपाशी असलेल्या कोठीतला दाब शॉटनंतर उतरला की वॉशर पिस्टनला मागे रेटतात, सिलिंडरमधली हवा आत येते, आणि ठरवलेला दाब पुरा झाला की पिस्टन वाट बंद करतो. त्यामुळे सिलिंडरमध्ये दाब २०० बार (दाब मोजण्याचे एकक) असो वा १५०, व्हॉल्व्हला मिळणारा दाब तोच राहतो. मात्र तो दाब आणि हॅमरचा जोर यांचा मेळ घालणे आपल्यालाच करावे लागते, आणि बहुतेक रायफली इथेच चुकीच्या जागी अडकलेल्या असतात.

मी पाळतो ती पद्धत अशी. क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणारे यंत्र, समोर ठेवून, रेग्युलेटरला हात न लावता, हॅमर स्प्रिंगचा ताण कमी ठेवून सुरुवात करावी आणि पाव-पाव फेऱ्याने तो वाढवत प्रत्येक टप्प्यावर काही शॉटचा वेग लिहून घ्यावा. वेग वाढत जातो, मग वाढीचा वेग मंदावतो, आणि एका उंचीवर येऊन तो थांबतो. त्यापुढे स्प्रिंग कितीही आवळली तरी हवा तेवढी वाया जाते, आवाज वाढतो आणि हॅमर उसळून व्हॉल्व्ह पुन्हा किंचित उघडण्याची शक्यता निर्माण होते. ती कमाल उंची सापडली की ताण उलट कमी करत वेग त्या कमालीपेक्षा तीन ते पाच टक्के खाली आणावा. या जागेचे वैशिष्ट्य असे की कोठीतला दाब थोडा चढला तर व्हॉल्व्ह थोडा लवकर मिटतो आणि थोडा उतरला तर थोडा उशिरा, त्यामुळे रेग्युलेटरमधली बारीक चूक व्हॉल्व्ह स्वतःच भरून काढतो. त्याहून बरेच खाली गेलात तर हॅमरच्या घर्षणातील किरकोळ फरकही थेट वेगात उतरतो.

या जागी मिळणारा वेग आपल्याला हवा तेवढा नसेल तर काय करावे? उत्तर हॅमरमध्ये शोधू नये. रेग्युलेटरचा दाब बदलावा आणि हॅमरची सारी मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी. वेग ठरवतो तो दाब, आणि हॅमरने त्या दाबाच्या मागून जायचे, हे सूत्र एकदा पक्के झाले की निम्मे गोंधळ आपोआप मिटतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलाआधीची स्थिती लिहून ठेवावी किंवा स्क्रूवर खूण करावी. रेग्युलेटरचा दाब बदलण्याआधी रायफलमधली सगळी हवा, कोठीतलीसुद्धा, उत्पादकाने सांगितलेल्या रीतीने सोडून द्यावी. भरलेल्या सिलिंडरचा कोणताही जोड कधीही सैल करू नये. २०० बारच्या दाबाखाली असलेला सुटा भाग माणसाचा जीव घेऊ शकतो. दाबाखालच्या भागांत खनिज तेल किंवा साधे ग्रीस लावू नये, कारण दाबलेल्या हवेत ते पेट घेऊ शकते. ओ-रिंगला, म्हणजे जोडातून हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर पुरतो. हवा कोरडी भरावी आणि सावकाश भरावी, कारण भरताना ती तापते आणि थंड झाल्यावर दाबमापकाचा काटा खाली उतरतो.

रेग्युलेटरचा एक आजार मात्र एका बैठकीत सलग मारलेल्या शॉटांत दिसत नाही. पिस्टनच्या बैठकीवर कण अडकला किंवा ती झिजली, तर ठरलेला दाब पुरा झाल्यावरही हवा अगदी हळू आत झिरपत राहते आणि कोठीतला दाब चढत जातो. सलग मारताना त्याला चढायला सवड मिळत नाही, पण रायफल पंधरा-वीस मिनिटे ठेवून मग मारलेला पहिला शॉट बाकीच्यांपासून वेगळा पडतो. हॅमरला कितपत जोर आहे त्यानुसार तो कधी वेगवान असतो, तर कधी व्हॉल्व्ह जड झाल्यामुळे मंद. स्पर्धेत नेमबाज दोन शॉटमध्ये विसावतो, म्हणून ही चाचणी मी प्रत्येक रायफलची करतो. दोष आढळल्यास रेग्युलेटर उघडून साफ करणे आणि ओ-रिंग बदलणे हाच उपाय, आणि ते हात सरावाचे नसतील तर जाणकार दुरुस्तीकाराकडे सोपवावे.

क्रोनोग्राफवरचे आकडे समाधानकारक झाले, समजा दहा शॉटमधील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेग यांच्यात दोन-तीन मीटर प्रतिसेकंदाहून अधिक अंतर उरले नाही, की मगच कागदाकडे वळावे. तीन छर्र्यांचा सुंदर ग्रुप पाहून निर्णय घेण्याचा मोह मोठा असतो, पण त्याच रायफलचा दहा छर्र्यांचा ग्रुप सरासरीने सुमारे दीडपट मोठा येतो, कारण जितके शॉट जास्त तितके टोकाचे छर्रे सापडण्याची संधी जास्त. दोन प्रकारच्या छर्र्यांची तुलना करायची असेल तर एकाचे सगळे ग्रुप आधी आणि दुसऱ्याचे नंतर, असे मारू नयेत. आळीपाळीने मारावेत, म्हणजे वारा, थकवा आणि नळीतले शिसे या तिन्हींचा भार दोघांवर सारखा पडतो. रायफल पक्क्या आधारावर ठेवावी, आधाराची जागा बदलू नये, आणि ‘हा माझा हात हलला’ असे म्हणून एखादा छर्रा वगळायचा असेल तर तसे भोक पाहण्याआधीच ठरवावे.

ट्रिगर मी सर्वांत शेवटी जुळवतो. ओढीचा पहिला टप्पा मोकळा, दुसऱ्याची भिंत, म्हणजे सुटण्याआधी बोटाला लागणारा अडथळा, स्पष्ट जाणवणारी, आणि सुटल्यानंतरचा प्रवास थोडका, एवढे साधले की पुरे. भार इतका हलका करू नये की धक्क्याने रायफल आपोआप सुटेल. प्रत्येक बदलानंतर, छर्रा न भरता आणि नळी सुरक्षित दिशेला धरून, कॉक केलेल्या, म्हणजे हॅमर मागे ओढून अडकवलेल्या, रायफलच्या दस्त्याला रबरी हातोडीने हलके ठोके देऊन हे तपासावे.

सारे जुळल्यावर रेग्युलेटरचा दाब, हॅमरचे फेरे, छर्र्याची बॅच, सरासरी वेग आणि त्या दिवशीचे तापमान एका वहीत लिहावे. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या खाली गेल्यावर वेग कुठे रेषा सोडतो, तेही तिथेच नोंदवावे, आणि सरावात त्या आकड्याच्या दहा-पंधरा बार आधीच हवा भरून घ्यावी. ऋतू बदलला, ओ-रिंग बदलली किंवा नव्या बॅचचा डबा उघडला की दहा शॉट क्रोनोग्राफवरून मारून वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहावेत, आणि आकडे जुळत असतील तर ॲलन की पेटीतच राहू द्यावी.