६४ इन्व्हॉइस आणि माझा दोन ओळींचा मेल

सुनावणीला चार दिवस उरले होते तेव्हा ती फाइल माझ्याकडे आली. एचआरचे साहेब दारातूनच म्हणाले, "मॅडम, करार पक्का आहे, फक्त कागद लावून वकिलांना द्यायचेत, दोन तासांचं काम." मी काँट्रॅक्ट विभागात आहे, बाहेरून येणाऱ्या लोकांचे करार बनवणं, रिन्यू करणं, एजन्सींची बिलं करारावर ताडून बघणं हे माझं रोजचं काम. बाहेरच्यांना वाटतं की भांडण झालं की आधी करार वाचतात. तसं नसतं. आधी गेटचं रजिस्टर मागतात, मग मेल, मग रजेचे मेसेज, आणि करार सगळ्यात शेवटी, तोही आधीच्या कागदांशी जुळतो का हे बघायला.

माणूस होता आमच्या पॅकिंग लाइनचा मेंटेनन्स तंत्रज्ञ. कागदावर 'स्वतंत्र सेवा पुरवठादार'. ५ वर्षं ४ महिने रोज येत होता, मग आम्ही करार रिन्यू केला नाही. त्याने दावा लावला की मी कामगारच होतो, तेव्हा सुट्ट्यांचे पैसे, ओव्हरटाइम, फंड आणि नोटीस पगार द्या.

मी फाइल उघडली आणि पहिल्या अर्ध्या तासातच पोटात गोळा आला, कारण सगळ्यात वर त्याची बिलं होती. इन्व्हॉइस नंबर १, २, ३ असे ओळीने ६४ पर्यंत, मधे एकही नंबर गाळलेला नाही. याचा अर्थ काय ते या कामातल्या कोणालाही लगेच कळतं. जो माणूस खरंच स्वतःचा धंदा करतो त्याचं तुमच्याकडे येणारं बिल ११ असतं, पुढचं १७, पुढचं २२, कारण मधली दुसऱ्या गिऱ्हाइकांना गेलेली असतात. याची ६४ महिन्यांत ६४ बिलं आणि सगळी आमच्याच नावाने. वर बिलाचा नमुनासुद्धा आमच्या अकाउंट्सनेच त्याला पाठवलेला, रक्कम दर महिन्याला तीच, आणि ज्या महिन्यात तो आला नाही त्यात 'दोन दिवस कमी' असं आमच्याच माणसाने पेनाने लिहिलेलं. दिवस कापणं हा पगाराचा हिशोब झाला, सेवेच्या बिलाचा नाही.

मग बाकीचं निघत गेलं. आमचा गणवेश, आमची हत्यारं, शिफ्टच्या तक्त्यात कायम माणसांच्या मधोमध त्याचं नाव, सुपरवायझरला पाठवलेले 'उद्या उशिरा येऊ का' असे मेसेज आणि सुपरवायझरचं 'ठीक आहे'. वर्षाअखेरच्या मूल्यमापनात त्याला पाचपैकी चार गुण दिलेले, सेवा पुरवठादाराला मूल्यमापन! लाइनवरच्या सुपरवायझरांना आम्ही दरवर्षी ट्रेनिंग देतो की बाहेरच्या माणसाला काय हवं ते सांगा, कसं आणि कधी करायचं ते सांगू नका, रजा मंजूर करू नका. ते सह्या करून जातात आणि दुसऱ्या दिवशी तेच करतात. मी त्यांना पूर्ण दोषही देत नाही, मशीन बंद पडलेलं असताना समोरचा माणूस कुठल्या करारावर आहे हे कोण आठवणार? दोष त्यांचा आहे ज्यांनी कायमची जागा भरायची टाळून कायमचंच काम कराराने करून घेतलं, आणि त्या रिन्यूअलच्या कागदांवर पाच वर्षं माझे इनिशियल्स आहेत.

दुपारी एचआरच्या साहेबांशी बोलले तर त्यांचं एकच, "पण त्याने सही केली आहे ना, मी कर्मचारी नाही असं स्पष्ट लिहून दिलंय." मी त्यांना मायक्रोसॉफ्टची केस सांगितली. तिथल्या फ्रीलान्सर लोकांनीही अशाच कागदावर सह्या केल्या होत्या, पण कर खात्याच्या तपासणीत ते नोकरदारच निघाले, मग त्यांनी कर्मचाऱ्यांच्या शेअर योजनेवर हक्क सांगितला आणि २००० मध्ये ९ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. सहीने नातं बदलत नाही, फक्त नातं काय म्हणायचं ठरलं होतं एवढंच सहीवरून कळतं. साहेब म्हणाले ते मोठ्या कंपन्यांचं असतं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर बोलावंसं वाटत नाही.

आमच्याकडे एकच भरवशाचं हत्यार होतं, कलम ७. 'सेवा पुरवठादार स्वतःऐवजी योग्य कुशल व्यक्ती पाठवू शकेल.' हे कलम महत्त्वाचं असतं कारण नोकरी म्हणजे तुम्ही स्वतः हजर राहणं, आणि जो आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतो तो सहसा नोकर मानला जात नाही. नमुना करारात हे कलम मीच घातलेलं, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता.

पण ते खरं असावं लागतं. ब्रिटनमध्ये गाड्या धुणाऱ्या-पुसणाऱ्या २० माणसांची केस होती, ऑटोक्लेंझ नावाच्या कंपनीविरुद्ध. करारात दोन्ही होतं, बदली पाठवू शकता आणि यायचं बंधनही नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये बघितलं ते रोज काय घडत होतं ते, आणि ती माणसं कामगारच ठरली. आपल्या सुप्रीम कोर्टाने तर त्याच्या कितीतरी आधी मिठागरातल्या आगरियांच्या केसमध्ये याहून पुढचं सांगितलंय. ते आगरिया खरोखरच मदतीला स्वतःची माणसं आणत होते, कामाचे तासही ठरलेले नव्हते, तरी ते स्वतः राबत होते आणि पाणी भरण्यापासून मीठ तयार होईपर्यंत कंपनीची देखरेख होती, म्हणून ते कामगारच. म्हणजे बदलीचं कलम खरं असलं तरी तेवढ्याने सुटका नाही, मग खोटं असलं तर काय?

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मी मेलमध्ये आमच्या तंत्रज्ञाचं नाव टाकून शोधलं आणि मला माझाच मेल सापडला.

तीन वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी त्याचे वडील हॉस्पिटलमध्ये होते म्हणून त्याने आपल्या ओळखीचा एक तंत्रज्ञ पाठवला होता, आमच्याच प्रकारच्या मशीनवर काम केलेला. गेटवर त्याचं नाव यादीत नव्हतं म्हणून सिक्युरिटीने मला मेल करून विचारलं, सोडू का? आणि मी उत्तर दिलेलं, 'करार फक्त त्यांच्याशी आहे. दुसऱ्या कोणालाही आत सोडू नये.' एवढंच, दोन ओळी. त्या माणसाला परत पाठवलं, लाइन बंद राहिली, आणि आमचा तंत्रज्ञ रात्री हॉस्पिटलमधून येऊन मशीन चालू करून गेला. बिलावरचे ते पेनाने लिहिलेले 'दोन दिवस कमी' त्याच महिन्यातले.

मला तो मेल लिहिल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. कलम ७ मी लिहिलं आणि ते खरं करून दाखवायची पाच वर्षांत एकच वेळ आली तेव्हा ते मीच मोडलं. सुरक्षेच्या दृष्टीने ते उत्तर बरोबरच होतं, अनोळखी माणसाला चालू मशीनपाशी सोडता येत नाही. पण मग ते कलम लिहायलाच नको होतं.

मी मेलची प्रिंट काढून वकिलांकडे नेली. साहेबही तिथे होते. ते म्हणाले, "हा मेल त्याच्याकडे नाहीच, आपण कशाला द्यायचा?" वकिलांनी आवाज न चढवता सांगितलं की समोरच्या बाजूने पत्रव्यवहार मागितलाय, मागितलेला कागद असून दिला नाही तर पुढचं काहीच कोणी खरं मानणार नाही, आणि गेटच्या रजिस्टरमध्ये त्या तारखेला 'काँट्रॅक्ट विभागाच्या सूचनेवरून परत' अशी नोंद आहेच. मला तेव्हा त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. साहेबांबद्दल काय वाटलं ते लिहीत नाही.

त्याच मीटिंगमध्ये प्रॉडक्शनचे हेड मधेच आले आणि विचारलं, त्याने लिहिलेले पीएलसी प्रोग्रॅम आपलेच आहेत ना? म्हणजे मशीनच्या कंट्रोलरमध्ये चालणारे प्रोग्रॅम. तीन लाइन त्याच्या प्रोग्रॅमवर चालतात आणि आता नव्या कारखान्यात तेच टाकायचे होते. खोलीत कोणीच बोलेना. कर्मचाऱ्याने नोकरीत केलेलं काम सहसा मालकाचं असतं, पण स्वतंत्र कंत्राटदाराने केलेलं काम, लेखी हक्क लिहून घेतले नसतील तर, सहसा त्याचंच राहतं. अमेरिकेत १९८९ मध्ये रीड नावाच्या शिल्पकाराच्या केसमध्ये हेच झालं, ज्या संस्थेने शिल्प करून घेतलं तिला वाटत होतं ते आपलंच, पण शिल्पकार नोकर नव्हता म्हणून कोर्टाने संस्थेचा तो दावा मानला नाही. आमचा करार जुन्या देखभालीच्या नमुन्यावरून घेतलेला, त्यात हक्क देण्याचं कलमच नव्हतं. म्हणजे सकाळी आम्ही लिहीत होतो की हा माणूस आमचा कर्मचारी नव्हता, आणि दुपारी आम्हाला हवं होतं की त्याने जे लिहिलं ते कर्मचाऱ्यासारखं आमचं असावं. मी हे असंच बोलून दाखवलं. वकील म्हणाले, "दोन्ही मिळणार नाही, एक निवडा."

मग हिशोब मांडला. साहेबांचं मत होतं की सुट्टीचे दावे फार मागचे चालणार नाहीत. वकिलांनी ब्रिटनमधल्या खिडक्या विकणाऱ्या माणसाची केस काढली, १३ वर्षं तो 'स्वयंरोजगार' म्हणून कमिशनवर होता, आणि युरोपच्या न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की पगारी सुट्टी मालकाने दिलीच नाही तर तो हक्क साठत जातो, मालकाला त्याचा फायदा उठवता येणार नाही. आमच्यावर तो निकाल बंधनकारक नाही हे त्यांनी आधीच सांगितलं, पण हे प्रश्न कुठल्या दिशेने चाललेत ते कळतं. एजन्सीच्या माणसांचंही तेव्हाच निघालं, कारण पॅकिंगला येणाऱ्या मुलांना आमचेच सुपरवायझर थेट कामं सांगतात आणि आमच्याकडे दर काही आठवड्यांनी त्यांना हप्ताभर घरी बसवून परत घेण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये तर एजन्सीचा माणूस एकाच कामावर १२ आठवडे राहिला की पगाराच्या मूळ अटी कायम माणसासारख्या द्याव्या लागतात, आणि सहा आठवड्यांपर्यंतच्या खंडाने मोजणी पुन्हा शून्यावर येत नाही. कायदा लिहिणाऱ्यांना ही युक्ती माहीत असते. आमच्या माणसांना वाटतं की त्यांनीच ती शोधली.

सुनावणी झालीच नाही, तडजोड झाली. त्याला पैसे मिळाले आणि प्रोग्रॅमचे हक्क त्याने लिहून दिले, त्याचा वेगळा मोबदला त्याने मागितला आणि मला वाटतं तो योग्यच होता. सही करायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं की तो मेल माझा होता. तो म्हणाला, "माहीत आहे मॅडम, सिक्युरिटीवाल्यांनी तेव्हाच दाखवला होता." आणि पुढे काहीच बोलला नाही.

जाताना त्याने एकच मागितलं, अनुभवाचं पत्र. ५ वर्षं ४ महिने इथे मेंटेनन्सचं काम केलं, एवढंच लिहून द्या, पुढच्या ठिकाणी दाखवायला. तडजोडीत आम्ही नोकरीचं नातं मान्य केलेलं नाही, म्हणून पत्रात 'काम केलं' नको, 'पदनाम' नको, 'सेवा पुरवल्या' चालेल, असं साहेबांचं म्हणणं. मी तीन मसुदे केले. एकात 'सेवा' आहे, एकात दोन्ही टाळून नुसत्या मशीनच्या नावांची यादी आहे, आणि तिसऱ्यात त्याने सांगितलं तसंच लिहिलंय. तिसरा मी काल वकिलांना पाठवला, त्यांचं उत्तर अजून यायचंय.