आधी विचारा, ‘किती वाजता?’

आकाशात काहीतरी विचित्र दिसलं असं कुणी सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या तोंडून ठरलेलं वाक्य निघतं: ‘काय घेऊन बसला होतास?’ त्यामागोमाग येतं, ‘म्हणजे तू एलियन वगैरे मानतोस?’ दोन्ही वाक्यं गमतीतच म्हटली जातात, पण सांगणारा तिथेच गप्प होतो. कुठल्या दिशेला दिसलं, किती उंचीवर होतं, किती वेळ टिकलं, हे तो सांगायचा राहतो. उपयोगाचं नेमकं तेवढंच असतं.

खरं तर ‘यूएफओ’ (अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट, म्हणजे न ओळखलेली उडती वस्तू) या शब्दात परग्रह कुठेच नाही. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला अमेरिकेतल्या माउंट रेनियर या डोंगराजवळ नऊ चमकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी उसळत जाते तशी त्यांची चाल होती, असं त्याने सांगितलं. बशी ही चालीची उपमा होती. वर्तमानपत्रांनी ती आकाराला लावून ‘उडती तबकडी’ करून टाकली, आणि पुढे लोकांना गोल तबकड्याच दिसू लागल्या. अशा नोंदी तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’चे प्रमुख कॅप्टन एडवर्ड रपेल्ट यांनी त्याऐवजी ‘यूएफओ’ हा कोरडा शब्द आणला, तो हा घोळ टाळण्यासाठीच. अर्थ इतकाच, की उडणारं काहीतरी दिसलं आणि पाहणाऱ्याला ते ओळखता आलं नाही. त्यामुळे ‘यूएफओवर विश्वास आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. न ओळखलेल्या पक्ष्यावर विश्वास आहे का, असं आपण कुणाला विचारत नाही.

टवाळी आपोआप वाढली असं समजू नका, तिला खतपाणी घातलं गेलं. १९५२ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या रडारवर अनोळखी खुणा उमटल्या आणि चौकशांचा पूर आला. जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक गट बसवला. गटाला तबकड्यांची भीती नव्हती. खरा हल्ला होईल त्या वेळी असल्या निरोपांनी यंत्रणा तुंबतील, याची काळजी होती. म्हणून शिफारस अशी झाली, की दूरचित्रवाणी, चित्रपट आणि लेखांतून या विषयातली गूढता काढून टाकावी आणि यूएफओच्या हौशी संघटनांवर नजर ठेवावी. लष्करी अंगाने पाहिलं तर हे समजण्यासारखं आहे. पण नोंदी कमी करायच्या, हे उद्दिष्ट एकदा ठरलं की नोंद देणारा माणूसच अडचण वाटू लागतो.

उलट्या बाजूनेही हसं झालंच. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये दलदलीवर दिवे दिसल्याच्या बातम्या आल्या. हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी घाईघाईच्या पत्रकार परिषदेत काही घटनांसाठी ‘दलदलीतला वायू’ हे संभाव्य कारण सांगितलं. सगळ्या देशाने ते शब्द उचलले, व्यंगचित्रं निघाली, आणि तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत असलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी चौकशीची मागणी केली. कारण चूक होतं की बरोबर, हा वेगळा मुद्दा. लोक चिडले ते न ऐकताच निकाल लावला असं वाटल्यामुळे.

टवाळीच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद होतो: त्यामुळे निदान फालतू गोष्टी गाळल्या जातात. तसं मुळीच होत नाही. ही चाळणी गोष्टी गाळत नाही, माणसं गाळते. ज्यांना नोकरी, परवाना आणि नाव सांभाळायचं असतं ते आधी गळतात, म्हणजे वैमानिक, हवाई नियंत्रक, संशोधक. उरतात ते बहुतेक ज्यांना हसण्याची फिकीर नसते असे. मग त्या उरलेल्यांकडे बोट दाखवून म्हणायचं, ‘बघा, असलेच लोक सांगतात.’

झाकण थोडं उचललं की काय होतं, याचे आकडे आता आहेत. २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने वैमानिकांसाठी नोंद देण्याची अधिकृत पद्धत आखली. जून २०२१ च्या सरकारी अहवालात २००४ पासूनच्या १४४ नोंदी होत्या, त्यांतल्या बहुतेक शेवटच्या दोन वर्षांतल्या. लोक नाव खराब होण्याच्या भीतीने गप्प राहतात, हेही त्यात लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२२ अखेर एकूण नोंदी ५१० झाल्या. नव्याने हाती आलेल्या ३६६ पैकी पहिल्या चाळणीतच १६३ फुगे किंवा फुग्यांसारख्या वस्तू, २६ ड्रोन किंवा तत्सम आणि ६ उडता कचरा किंवा पक्षी वगैरे निघाले. उरलेल्या १७१ चं वर्गीकरण त्या वेळी झालं नाही. हा आकडा दोन्ही पक्षांना आवडत नाही. श्रद्धाळूंना फुगे नको असतात आणि टवाळांना १७१. माझ्या मते हे उत्तम फळ आहे, कारण लष्करी हवाई हद्दीत एवढे फुगे फिरत आहेत हे नोंदी आल्या म्हणूनच कळलं.

साक्षीदार प्रामाणिक असूनही कसा चुकतो, हे एकदा जवळून पाहिलं की टवाळी आणि भाबडेपणा दोन्ही उतरतात. ३ मार्च १९६८ च्या रात्री सोव्हिएत ‘झाँड ४’ या अवकाश मोहिमेचे अवशेष वातावरणात शिरताना अमेरिकेच्या अनेक राज्यांतून दिसले. शेपट्या सोडत एका रेषेत सरकणारे जळते तुकडे, एवढंच दृश्य. बहुतेकांनी ते तसंच सांगितलं. काहींनी मात्र चिरुटाच्या आकाराचं यान सांगितलं, त्याला उजळलेल्या चौकोनी खिडक्या होत्या, आणि ते अगदी खालून, झाडांच्या जरा वरून गेलं. एका बाईंना दुर्बिणीतून तीन तबकड्या दिसल्या आणि त्यांचा कुत्रा भेदरून कण्हत होता. यातलं कुणी खोटं बोललं नव्हतं. अंधारात तीन-चार ठिपके एकत्र सरकताना दिसले की मेंदू मधली जागा काळ्या धडाने भरतो, मग ठिपक्यांच्या खिडक्या होतात. कोलोराडो विद्यापीठाच्या यूएफओंवरच्या अभ्यासात विल्यम हार्टमन यांनी हे प्रकरण तपासलं आणि आणखी एक गोष्ट टिपली: सर्वांत लांबलचक, रंगतदार अहवाल सर्वांत उत्तेजित झालेल्यांचे असतात आणि गाजतात तेच. बिनचूक सांगणाऱ्यांचे चार ओळींचे कागद फायलीत राहतात.

म्हणून ‘काहीतरी दिसलं’ म्हणणारा समोर आला की काय करावं, ते सांगतो. आधी त्याला मध्ये न तोडता एकदा सगळं बोलू द्या. मग कागद देऊन चित्र काढायला सांगा. साक्षीदार दोन असतील तर वेगवेगळे बसवा, कारण एकत्र बसले की पाच मिनिटांत दोघांची गोष्ट एक होते. ‘तबकडीसारखं होतं का?’ असं कधीही विचारू नका, उत्तर ‘हो’ येणारच.

त्यानंतर वेळ. ‘जेवणानंतर’ चालत नाही. फोनमधला कॉल, मेसेज किंवा फोटो यांवरून मिनिटापर्यंत वेळ काढता येते. मग त्याच जागी उभं राहून हात लांब करायला लावा. ताणलेल्या हाताची मूठ साधारण १० अंश, करंगळीची जाडी १ अंश. क्षितिजापासून डोक्यावरपर्यंत नऊ मुठी बसतात. ‘क्षितिजापासून दोन मुठी वर, पाण्याच्या टाकीच्या डावीकडे’ हे वाक्य ‘खूप जवळ होतं’ पेक्षा शंभरपट किमती आहे. दिशा फोनच्या होकायंत्रावर बघा, पण लोखंडी कठडा किंवा गाडीपासून दूर होऊन, नाहीतर काटा फसवतो.

आकार आणि अंतर विचारायचं टाळा, किंवा लिहिलंच तर ‘अंदाज’ म्हणून वेगळं लिहा. ५७ मीटरवरची १ मीटरची वस्तू आणि ५.७ किलोमीटरवरची १०० मीटरची वस्तू डोळ्याला अगदी सारखी, १ अंशाची दिसते. मोकळ्या आकाशात यांतली कोणती ते सांगायला डोळ्यांकडे साधनच नसतं. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंशच असतो, पण ‘ताटाएवढा’ म्हणणारे कितीतरी भेटतात.

किती वेळ दिसलं यावर अर्धं काम होतं. एक-दोन सेकंद असेल तर उल्का. जळत, तुटत मिनिटभर गेलं तर उपग्रहाचे किंवा रॉकेटचे अवशेष. न लुकलुकता चार-सहा मिनिटं शांतपणे सरकलं तर अवकाश स्थानक. ते पृथ्वीच्या सावलीत शिरतं तेव्हा भर आकाशात विझतं, आणि ‘त्याला कळलं आपण बघतोय’ ही समजूत बऱ्याचदा तिथूनच येते. मण्यांच्या माळेसारखे दिवे दिसले तर स्टारलिंक, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. मे २०१९ मध्ये पहिले ६० उपग्रह एकत्र सुटले तेव्हापासून अशा नोंदी येत आहेत. तासभर एकाच जागी ‘डुलत’ असेल तर शुक्र बघा. अंधारात एकटा ठिपका टक लावून पाहिला की तो हलतोय असं वाटतंच. डोकं भिंतीला टेकवून ठिपका छपराच्या कडेशी जुळवला की डुलणं थांबतं. स्टेलेरियमवर त्या मिनिटाचं आकाश, हेवन्स-अबव्हवर उपग्रह आणि फ्लाइटरडारवर विमानं तपासायला वीस मिनिटं पुरतात. फक्त प्रमाणवेळेचा फरक विसरलात तर सगळं तपासणं वाया.

व्हिडिओ असेल तर मूळ फाइल मागा. मेसेजिंग ॲपवरून फिरलेल्या प्रतीत दृश्य दाबलं गेलेलं असतं आणि वेळ-ठिकाणाची माहितीही सहसा उडालेली असते. रात्री फोनचा फोकस चुकला की साधा तारा भरलेली, थरथरणारी तबकडी दिसतो. डिजिटल झूम त्यात भर घालतो. चित्रीकरण करताना झूम नको, फोन कशाला तरी टेकवा, चौकटीत छप्पर किंवा तार येऊ द्या आणि वेळ मोठ्याने बोला.

महागडा कॅमेरा असला म्हणजे सुटलो असंही नाही. ‘गो फास्ट’ नावाने गाजलेल्या नौदलाच्या व्हिडिओत एक ठिपका समुद्राला घासून भन्नाट पळताना दिसतो. पण विमानाची उंची २५,००० फूट, कॅमेऱ्याचा खालचा कोन आणि अंतर हे सगळं पडद्यावरच लिहिलेलं आहे. शाळेतली त्रिकोणमिती लावली की ठिपका १३,००० फुटांच्या आसपास निघतो. नासाच्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात त्याचा वेग ताशी ४० मैलांच्या घरात काढला, म्हणजे वाऱ्याबरोबर जाणारं काहीही. पळत होतं ते विमान. रेल्वेच्या खिडकीतून जवळची झाडं पळताना दिसतात, तसंच.

त्या अभ्यासगटातल्या शास्त्रज्ञांनाही ऑनलाइन शिवीगाळ सोसावी लागली. विषयाला हात लावला म्हणून एका बाजूने टर, आणि एलियन जाहीर केले नाहीत म्हणून दुसऱ्या बाजूने संताप. अमेरिकेत काही यूएफओ परग्रहावरची यानं आहेत असं मानणारे गॅलपच्या पाहणीत २०१९ ला ३३ टक्के होते, २०२१ ला ४१ टक्के झाले. म्हणजे हसणं काहीसं ओसरलं, पण त्याची जागा तपासण्याने घेतली असं म्हणता येत नाही.

फ्रान्सची पद्धत मला सर्वांत शहाणी वाटते. तिथल्या अंतराळ संस्थेत १९७७ पासून यासाठी एक छोटं खातं आहे, त्याचं आजचं नाव जेपान. साक्षीदाराचं नाव काढून प्रकरणं जाहीर होतात आणि चार वर्गांत जातात: ए म्हणजे ओळख पटली, बी म्हणजे बहुधा पटली, सी म्हणजे माहिती अपुरी, डी म्हणजे माहिती पुरेशी असूनही उलगडा नाही. सगळी खुबी सी आणि डी वेगळे ठेवण्यात आहे. ‘कळलं नाही’ आणि ‘कळण्याइतकं लिहूनच घेतलं नाही’ यांची गल्लत झाली की भांडण सुरू होतं. या खात्याने जुनी डी प्रकरणं नव्या साधनांनी पुन्हा उघडली तेव्हा त्यांतली बरीच ए आणि बी मध्ये गेली. ते शक्य झालं, कारण कधीकाळी कुणीतरी न हसता साक्षीदाराला विचारून वेळ, दिशा आणि कोन फायलीत लिहून ठेवले होते.