फळ्यावरचे वेग

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर सारखे मेसेज येत होते. तोपर्यंत गॅदरिंग, खो-खोची टीम, हेडसरांची छडी हे सगळं बाकीच्यांनी वाटून घेतलेलं, मग माझ्या वाट्याला राहिला ज्वालामुखी. हसू नका. आपल्या ९२ च्या बॅचला नक्की आठवेल, दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा पेपरात दुसरं काही नव्हतंच. ३ जून १९९१ ला जपानमधला उन्झेन, १५ जूनला फिलिपिन्समधला पिनाटुबो, आणि आपले भूगोलाचे सर (पीटीपण तेच घ्यायचे, त्यामुळे शिट्टी कायम गळ्यात) कात्रणांचा गठ्ठा घेऊन वर्गात हजर.

पुस्तक उघडायच्या आधीच त्यांनी मला उभं केलं. शंभर मीटरला किती लागतात गं तुला? म्हटलं १५ सेकंद, तालुक्याला पहिली आलेली ना मी, जरा ऐटीतच सांगितलं. सरांनी फळ्यावर गणित केलं, ताशी २४ किलोमीटर, त्यापुढे माझं नाव लिहिलं आणि म्हणाले, "आता पळ, बघू कुठवर पोचतेस."

पहिला नंबर लाव्हाचा. हवाईतल्या किलाउएचा लाव्हा अकराशे अंशांच्या पुढे तापलेला असतो, पण सपाट जमिनीवर तासाला एक किलोमीटरसुद्धा सरकत नाही, चांगला उतार मिळाला तर दहाच्या आसपास, नाल्यात सापडला तरच ३० च्या पुढे. म्हणजे बहुतेक वेळा माझी आजीसुद्धा काठी टेकत पुढे निघून गेली असती. आपण सगळे सिनेमात बघून ज्या लाल रसाला घाबरतो तो घर खातो, शेत खातो, रस्ते खातो, माणसाला मात्र बहुधा उठून जायला वेळ देतो. पुढे २०१८ मध्ये त्याच किलाउएने ७०० च्या वर घरं गिळली, पण लाव्हाखाली सापडून एकही माणूस गेला नाही.

अपवाद आहेच. आफ्रिकेतला न्यिरागोंगो. त्याच्या माथ्यावर उकळत्या लाव्हाचं तळं असायचं, १० जानेवारी १९७७ ला डोंगराच्या कुशीला भेगा पडल्या आणि तासाभराच्या आत अख्खं तळं रिकामं झालं. त्या लाव्हात रस घट्ट करणारी सिलिका फार कमी, म्हणून तो इतका पातळ की वेग ६० पर्यंत गेला होता म्हणतात, गावंच्या गावं त्यात सापडली. माझ्या २४ ची तिथे पहिल्यांदा किंमत कळली.

खरा विषय मात्र उन्झेनचा होता आणि सर त्यावर तास संपल्यावरही बोलत राहिले, पुढचे गणिताचे सर दारात उभे. तिथला लाव्हा इतका घट्ट की वाहतच नाही, वरच घुमटासारखा साचत जातो, मग त्याचे मोठाले तुकडे ढासळतात, फुटून पीठ होतं आणि ती तापलेली राख, दगड, वायू सगळं एकत्र जमिनीला धरून खाली सुटतं. पायरोक्लास्टिक फ्लो. ताशी १०० तर सहज, कधीकधी कितीतरी जास्त, आणि आतलं तापमान काहीशे अंश. वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर ८ मे १९०२ ला सकाळी आठच्या सुमाराला माँ पेले फुटला आणि सेंट पिएर शहरातली जवळजवळ २८ हजार माणसं काही मिनिटांत गेली, जे हातावर मोजण्याइतके वाचले त्यातला एक जाड भिंतींच्या कोठडीत कोंडलेला कैदी होता.

उन्झेनला ज्यांचा जीव गेला ते तर दरीपासून बाजूला, उंचावर उभे होते. दगडांचा जड लोट दरीनेच गेला, पण त्याच्यावरचा गरम राखेचा हलका ढग काठ ओलांडून टेकाडावर चढला. ४३ माणसं. पत्रकार, अग्निशमन दलाची स्थानिक माणसं, बाहेर थांबलेले टॅक्सीवालेसुद्धा, आणि मॉरिस आणि काटिया क्राफ्ट हे फ्रेंच जोडपं, ज्यांनी आयुष्यभर ज्वालामुखीच शूट केले, शिवाय अमेरिकेचा ज्वालामुखीतज्ज्ञ हॅरी ग्लिकेन.

क्राफ्ट मंडळींबद्दल मी पुढे बरंच वाचलं आणि त्यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. १३ नोव्हेंबर १९८५ ला रात्री नऊच्या सुमाराला कोलंबियातला नेवाडो देल रुईझ फुटला, स्फोट तसा लहानच, पण माथ्यावरचा बर्फ वितळला आणि पाणी, राख, दगड यांचा लोट नदीतून सुटला. त्याला लाहार म्हणतात, स्लॅबच्या दिवशी मिक्सरमधून पडणाऱ्या काँक्रीटसारखा. तो ७० किलोमीटरहून लांबच्या आर्मेरो गावात पोचला साडेअकराच्या आसपास. सरासरी काढा, ताशी तीसच्या जवळ, म्हणजे माझ्यापेक्षा जास्तच, पण तिथे शर्यत लावायची गरजच नव्हती हो, अडीच तास हातात होते आणि उंच जागा जवळ होत्या. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता, त्यात आर्मेरो होतं. तरी संध्याकाळी राख पडायला लागली तेव्हा लोकांना सांगितलं गेलं की शांत राहा, घरातच थांबा. २० हजारांच्या वर माणसं त्या चिखलात गेली. याला मी नैसर्गिक आपत्ती म्हणायला तयार नाही.

त्यानंतर क्राफ्ट दांपत्याने मुद्दाम एक व्हिडिओ बनवायला घेतला, लाव्हा म्हणजे काय, राखेचा लोट कसा धावतो, लाहार गावात शिरतो तेव्हा काय होतं, हे अधिकाऱ्यांना नि गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. तो १९९१ मध्ये पिनाटुबोच्या आसपास दाखवला गेला. शास्त्रज्ञ तोंडाने सांगत होते तोवर ज्यांना पटत नव्हतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो बघून पटलं. हजारो लोक वेळेत हलले. आणि पिनाटुबोच्या स्फोटाच्या बारा दिवस आधीच ते दोघं उन्झेनला मरण पावलेले. म्हणजे सरांच्या हातातली ती दोन कात्रणं एकाच गोष्टीची होती, आणि तेव्हा आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं. पिनाटुबो तिथेच थांबला नाही म्हणा, नंतर कितीतरी वर्षं प्रत्येक पावसाळ्यात साचलेली राख लाहार होऊन गावं पुरत राहिली.

त्याच वर्षीच्या सहलीत पसरणी घाटात सरांनी एसटी थांबवली होती, निम्मी पोरं उलट्या करायला उतरली आणि बाकीच्यांना सर काळ्या कातळातला लाल पट्टा दाखवत होते. लाव्हाचे दोन थर, मधली ती जुनी माती. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा मामला, आणि आज पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. या थरांच्या एका गटाला भूगर्भशास्त्रात आपल्या वाईचंच नाव आहे, वाई सबग्रुप, आणि त्यातले काही लोट थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, हजारेक किलोमीटर गेले असं संशोधक मानतात. तेही धावत नाहीत गेले बरं, वर साय धरायची, आतला रस गरम राहायचा आणि थर फुगत फुगत संथ पुढे सरकायचा, त्यामुळेच इतका लांब पोचला.

आताच्या दहावीवाल्यांनी तो पट्टा जरूर बघावा. फक्त पावसाळ्यात त्या वळणावर थांबू नका, दरड येते, आणि तिचा वेग सरांनी फळ्यावर लिहिला नव्हता.