शिष्यवृत्ती मोजता, मग प्रशिक्षकाचा पगारही मोजा

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत आमच्याच गल्लीतल्या एका मुलाला अमेरिकन फुटबॉलवर शिष्यवृत्ती मिळाली. दुसऱ्या राज्यातलं कॉलेज आहे. फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं सगळं कॉलेज देणार. त्याची आई नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते आणि त्यांच्या घरातून कॉलेजात जाणारा हा पहिलाच. ही बातमी मी आमच्या मराठी मंडळींत मोठ्या आनंदाने सांगितली, तर एक काका म्हणाले, "म्हणजे आमच्या पोरांनी रात्री जागून अभ्यास करायचा, कर्ज काढायचं, आणि हा चेंडू घेऊन पळणार म्हणून फुकट शिकणार?" चार-पाच जणांनी माना डोलावल्या. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

काकांचा राग कुठून येतो ते मला कळतं. आम्ही राहतो ते रटगर्स विद्यापीठाच्या अंगणात. १७६६ सालचं हे विद्यापीठ आता न्यू जर्सीचं राज्य विद्यापीठ आहे आणि आमच्या एडिसन-पिस्कॅटवेकडची निम्मी मराठी मुलं तिथेच जातात. अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामनाही याच गावचा. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं. इथल्या लोकांना त्याचा फार अभिमान आहे. पण पुढचा इतिहास बहुतेक पराभवांचाच आहे. १९९७ साली अकरापैकी अकरा सामने हरले. २०१४ मध्ये बिग टेन या बड्या गटात गेले आणि दोनच वर्षांनी मिशिगनने त्यांना घरच्या मैदानावर ७८-० असं धुतलं. २०१८ मध्ये बारातला एकच सामना जिंकला. गटातले सलग २१ सामने हरल्यावर २०२० मध्ये कुठे ती साखळी तुटली. मधे २००६ चं एक सोनेरी वर्ष येऊन गेलं, लुईव्हिलला २८-२५ ने हरवलं, तेरातले अकरा सामने जिंकले. त्या एका वर्षाच्या आठवणीवर अख्खं न्यू जर्सी अजून जगतं.

आणि खर्च? त्याच २००६ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने सहा खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुरुषांचं टेनिस, पोहणं, नौकानयनाचे दोन संघ, मुलामुलींची तलवारबाजी. पैसे नाहीत असं कारण दिलं गेलं. मग थोड्याच काळात स्टेडियम वाढवायला १०२ दशलक्ष डॉलर काढले. २०१९ च्या अखेरीस ग्रेग शियानो यांना प्रशिक्षक म्हणून परत आणलं, तो करार आठ वर्षांचा आणि ३२ दशलक्षांचा. खेळखात्याला तोटा होतो, आणि तो भरून काढायला विद्यापीठाचा पैसा जातो, विद्यार्थ्यांच्या फीमधला वाटाही जातो. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सुमारे नऊ हजार शिक्षक-संशोधकांनी संप केला. विद्यापीठाच्या २५७ वर्षांतला तो पहिला संप होता. तासिका तत्त्वावर शिकवणारे लोक पगारवाढ मागत रस्त्यावर उभे होते. तेव्हा इथल्या प्रत्येक पालकाच्या मनात प्रशिक्षकाच्या पगाराचा आकडा आला असणार.

म्हणून या विद्यापीठात क्रीडा शिष्यवृत्तीविरुद्ध आवाज उठणं साहजिक होतं, आणि तो जोरात उठला. १९९० च्या दशकात 'रटगर्स १०००' नावाची मोहीम निघाली. विद्यार्थी, प्राध्यापक, माजी विद्यार्थी असे सगळे त्यात होते. मागणी अशी की या धंदेवाईक फुटबॉलमधून बाहेर पडा, खेळाच्या शिष्यवृत्त्या बंद करा, अभ्यासासाठी आलेल्या मुलांनीच खेळावं. इथलेच माजी विद्यार्थी, नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनीही तिला पाठिंबा दिला. त्या लोकांची तळमळ खरी होती, याबद्दल मला शंका नाही. २०१५ मध्ये तेव्हाचे प्रशिक्षक काइल फ्लड एका खेळाडूच्या गुणांसाठी थेट प्राध्यापकांशी संपर्क साधताना सापडले. विद्यापीठाने त्यांना तीन सामन्यांसाठी निलंबित केलं, पन्नास हजार डॉलर दंड केला. मोहिमेतल्या लोकांची भीती अशी खरी ठरली.

पण नीट बघा, यात त्या पोरांचा दोष कुठे आहे? प्राध्यापकाला गाठलं प्रशिक्षकाने. स्टेडियम वाढवलं विद्यापीठाच्या नियामक मंडळाने. आणि उपाय काय सुचवला, तर शिष्यवृत्ती काढून घ्या! या सगळ्या कारभारात सगळ्यात कमी ज्याच्या हाती पडतं, त्याच्याच ताटातलं उचलायचं.

शिष्यवृत्तीबरोबर येणारी जबाबदारी त्या मुलाच्या आईने मला कागदावर दाखवली. पहाटेचा व्यायाम, दुपारचा सराव, संध्याकाळी चित्रफिती बघणं, शनिवारचा सामना, आणि यातून उरलेल्या वेळात वर्ग. ही नोकरी आहे, दुसरं काय? पगाराऐवजी शिक्षण मिळतं एवढंच. रटगर्ससारख्या ठिकाणी राज्यातल्या मुलाचा फी-राहणं-जेवण धरून वर्षाचा खर्च तीस हजार डॉलरच्या वर जातो. तेवढ्या मोबदल्यात मुलगा आपलं शरीर देतो. पुढे एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोहोचणारे शंभरात एखाद-दोन.

शरीर देतो हे मी उगाच म्हणत नाही. एरिक लग्रँड आमच्या शेजारच्या गावचा, एव्हनेलचा. १६ ऑक्टोबर २०१० रोजी आर्मी, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाविरुद्धच्या सामन्यात समोरच्याला अडवताना त्याच्या मानेचे मणके मोडले आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. त्याने पदवी पुरी केली, वुडब्रिजमध्ये कॉफीचं दुकान काढलं, आणि रटगर्सने त्याचा ५२ क्रमांक कायमचा राखून ठेवला. असा मान तिथल्या फुटबॉलमध्ये त्याआधी कोणालाच मिळाला नव्हता. न्यू जर्सीने त्याला डोक्यावर घेतलं, हे मी अभिमानाने सांगते. पण कायद्याने अशा मुलांना काय मिळतं? १९५५ मध्ये कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यातल्या डोक्याच्या दुखापतीने गेला. त्याच्या बायकोने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं, कारण काय, तर कॉलेज हे काही फुटबॉलचा धंदा करत नाही!

आमच्यातले काहीजण प्रिन्स्टनचा दाखला देतात. तासाभराच्या आत गाडीने पोहोचाल इतकं जवळ आहे, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती अजिबात नाही. कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे मदत मिळते. पण प्रिन्स्टनकडे तीस अब्ज डॉलरच्या वर ठेव आहे. त्यांना हे तत्त्व परवडतं. दुसरा दाखला पॉल रॉब्सनचा. १९१५ मध्ये राज्यभराच्या स्पर्धा परीक्षेत शिष्यवृत्ती मिळवून हा काळा मुलगा रटगर्सला आला, दोनदा देशातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूंत निवडला गेला, आणि वर्गातही अव्वल राहून १९१९ मध्ये पदवी घेतली. असा माणूस शतकात एखादाच होतो. त्याच्या मापाने रात्रपाळी करणाऱ्या बाईचा मुलगा मोजणं मला क्रूर वाटतं.

मी आपल्या समाजाला नावं ठेवत नाही. मार्कांवर आपण वर आलो, माझ्या वडिलांच्या घरात दुसरी शिडीच नव्हती. पण मी कोल्हापूरची आहे, आणि राजाराम कॉलेजच्या आवारात वाढलेल्या माणसाला खेळाडूसाठी कॉलेजने काय करावं ते कोणी शिकवायला नको. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. त्या पैशावर स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आलं. आणि आपल्याकडे खेळाडूला नोकरी मिळते, चार वर्षांची शिष्यवृत्ती नव्हे. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता, म्हणून तो निश्चिंतपणे नेमबाजी करू शकला आणि २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्य घेऊन आला. महाराष्ट्राच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं झाली, मान्य आहे. तरी खेळ संपल्यावर या माणसाने जगायचं कसं, हा प्रश्न आपण निदान विचारला. इथे तोच प्रश्न कोर्टात जाऊन भांडावा लागला.

ते भांडण ६ जून २०२५ रोजी एका टप्प्यावर आलं. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस विरुद्ध एनसीएए (कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना) खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळणार. कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेज एकूण साडेवीस दशलक्षांपर्यंत. फुटबॉलमधली ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, त्याजागी १०५ जणांच्या संघाची मर्यादा आली. ऐकून मला बरं वाटलं आणि लगेच धडकीही भरली. आधीच तोट्यात असलेलं खेळखातं हे पैसे आणणार कुठून? २००६ मध्ये टेनिस आणि तलवारबाजीवर कुऱ्हाड पडली होती, आता पोहणाऱ्या मुलींवर पडेल का?

काकांना मी परवा फोन केला आणि एवढंच म्हटलं, तुमच्या मुलीच्या फीचा राग मलाही येतो. पुढच्या वेळी नियामक मंडळाच्या जाहीर बैठकीत आपण दोघं जाऊ. पालकांना तिथे बोलता येतं. कपात करायची तर प्रशिक्षकांच्या करारापासून सुरू करा, असं तिथे सांगू. ते "बघू" म्हणाले. मी माझे मुद्दे लिहायला घेतले आहेत.