मुळावरची गाठ

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. रात्रभर झड लागून सकाळी जरा उघडीप झाली होती. नववीचा पहिला तास. मी हजेरी घेत होते तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि दप्तरातून एक गुंडाळलेली पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत सोयाबीनचं झाड, मुळासकट उपटलेलं.

"मॅडम, आमच्या सोयाबीनला सूत्रकृमी लागलेत. आण्णांनी दाणेदार औषध आणलंय, आज दुपारी टाकणार हायत. म्हणलं एकदा तुम्हाला दाखवावं."

सूत्रकृमी म्हणजे मुळांत शिरणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. मी मूळ हातात घेतलं. त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही तुरीएवढ्या गोल गाठी होत्या. वर्गात विचारलं, हे काय आहे? बार्शी तालुक्यातलं आमचं गाव, निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी सोयाबीन. चौघा-पाचांनी सांगितलं, रोग. बाकीचे गप्प.

चौदा वर्षं मी नायट्रोजन चक्र शिकवते आहे. फळ्यावर ढग, झाड, जमीन आणि त्यांना जोडणारे बाण. 'शिंबावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींमध्ये रायझोबियम जीवाणू असतात आणि ते हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात' हे वाक्य याच मुलांनी घटक चाचणीत बरोबर लिहिलं होतं. आणि ती गाठ समोर आली तेव्हा एकालाही ओळखता आली नाही. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. बाण मीच काढले होते, मूळ कधी दाखवलं नव्हतं.

मुलाचे वडील, आण्णा, उगीच घाबरले नव्हते. त्यांची अडीच एकर डाळिंबाची बाग दोन वर्षांपूर्वी काढावी लागली होती. पानं पिवळी पडली, फळं लहान राहिली, झाडं एकेक करून वाळत गेली. शेवटी जेसीबी लावला तेव्हा मुळांवर मण्यांसारख्या गाठीच गाठी निघाल्या होत्या. ज्या माणसाने ते पाहिलंय त्याला मुळावरची गाठ म्हटली की दुसरं काय आठवणार? यंदा सोयाबीनची कोळपणी करताना झाड उपटलं, गाठी दिसल्या, मोबाइलवर फोटो काढून औषधाच्या दुकानात दाखवला, तिथेही सूत्रकृमीच सांगितलं. औषध उधारीवर आलं.

मी मुख्याध्यापकांची परवानगी काढली. ऑफिसातून आण्णांना फोन लावला आणि म्हटलं, आम्ही येईपर्यंत टाकू नका. "तुम्ही म्हणताय तर दुपारपातूर थांबतो," ते म्हणाले. शेवटचे दोन तास जोडून आम्ही चौतीस जण चालत निघालो. पांदणीत गुडघाभर चिखल होता, चपला हातात घेऊनच गेलो.

आण्णा बांधावर उभे होते, शेजारी औषधाच्या पिशव्या. पीक चाळीस दिवसांचं, बारीक जांभळी फुलं नुकती लागलेली. आम्हाला दाखवायला त्यांनी एक झाड खसकन उपटलं. मुळं जवळजवळ नागडी बाहेर आली, दोन-तीनच गाठी. उपटलं की बारीक मुळं तुटतात आणि गाठी मातीतच राहतात. मी खुरपं मागितलं, झाडापासून चार बोटं सोडून गोल खणायला लावलं आणि ढेकूळ तसंच उचलून बादलीत ठेवलं. पाच मिनिटं भिजू दिलं, मग एका मुलीने हलक्या हाताने माती सोडवली. पाणी काळं झालं आणि मूळ वर आलं तेव्हा मुलं एकदम पुढे सरकली. सोटमुळाच्या वरच्या तीन-चार बोटांत दाटीने गाठी. एकाने मोजल्या, सत्तेचाळीस.

आण्णा म्हणाले, "बगा, किती भरलाय रोग."

मी एक गाठ अंगठ्याने नुसती घासली. ती टपकन सुटून हातावर पडली. खालचं मूळ जसंच्या तसं सरळ, नितळ. मग नखाने ती गाठ फोडली.

आतून लालसर गुलाबी. ओली, चकाकणारी, नखाला रंग लागेल अशी. एक मुलगी घाबरून म्हणाली, "मॅडम, रक्त!" तिचं फारसं चुकलं नव्हतं. त्या रंगद्रव्याचं नाव लेगहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते नात्यातलंच, त्यातही लोह असतं आणि तेही ऑक्सिजन धरून ठेवतं. गाठीत त्याची गरज अशी, की हवेतला नायट्रोजन फोडणारं जीवाणूंचं विकर (एन्झाइम) मोकळ्या ऑक्सिजनने निकामी होतं, आणि जीवाणूंना श्वासाला तर ऑक्सिजन हवाच. म्हणून हे द्रव्य ऑक्सिजन जवळ बाळगतं आणि जीवाणूंना जेवढ्यास तेवढा पुरवतं. गाठ आतून गुलाबी म्हणजे काम चालू आहे. कोवळी गाठ पांढरी असते, म्हातारी झाली की हिरवट, तपकिरी होते.

मी आण्णांना विचारलं, युरियाची गोणी केवढ्याची? ४५ किलोची. त्यात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे साधारण २० किलो ७०० ग्रॅम. ते कारखान्यात हवेतूनच घेतात, पण त्यासाठी ४०० अंशांच्या वर तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. इथे तेच काम या चिखलात, पावसाळी गारव्यात चाललंय. झाड त्या बदल्यात जीवाणूंना साखर देतं. आयता युरिया भरपूर मिळाला तर झाड गाठी धरतच नाही फारशा. गरजच उरत नाही ना! हे ऐकताना आण्णा काही बोलले नाहीत. फोडलेली गाठ त्यांनी माझ्या हातावरून उचलून स्वतःच्या तळहातावर घेतली.

पण पटलं नव्हतं त्यांना, आणि ते ठीकच होतं. एवढ्यात तोच मागच्या बाकावरचा मुलगा बांधाकडे पळाला. घरच्यापुरती वांग्याची आठ-दहा झाडं होती, त्यातलं एक खुरटलेलं झाड तो मुळासकट खणून घेऊन आला. धुतलं, आणि मला बोलावंच लागलं नाही. मुळं जागोजाग सुजलेली, वेडीवाकडी, गाठीला गाठ लागून मूळ आल्याच्या गड्ड्यासारखं झालेलं.

"ह्येच! ह्येच व्हतं डाळिंबाला," आण्णा म्हणाले.

"घासून बघा," मी म्हटलं.

त्यांनी अंगठ्याने जोर लावला. गाठ सुटेना. कशी सुटणार, ती मुळावर बसलेली नव्हतीच, मूळच फुगून गाठ झालं होतं. नखाने चिरलं तर आत पांढरट, गुलाबीचा मागमूस नाही. आण्णांनी एका हातात सोयाबीन धरलं, एका हातात वांगं, आणि बराच वेळ आळीपाळीने बघत राहिले. मुलं इतकी शांत मी वर्गात कधी पाहिली नाहीत.

इथे एक सांगायला हवं. सतराव्या शतकात इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आधाराने वनस्पतींची चित्रं काढली, त्यात शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठीही होत्या. त्यांनाही तो किडीचाच प्रताप वाटला होता. या गाठींमुळे झाडाला हवेतला नायट्रोजन मिळतो हे जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी दाखवलं ते १८८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. बांधावर मी हे आण्णांना सांगितलं, कारण मुलांसमोर त्यांना अडाण्यात काढल्यासारखं मला होऊ द्यायचं नव्हतं. त्यांच्या मुलालाही ते ऐकायचं होतं, त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मग आम्ही शेतभर फिरून पंधरा जागी झाडं खणली. ओढ्याकडच्या चिबड तुकड्यात पानं पिवळी होती. तिथल्या गाठी फोडल्या तर आतून हिरवट-तपकिरी. असं का, हे मी लगेच सांगितलं नाही, बादलीतलं पाणी दाखवलं. एका मुलीने ओळखलं, "मातीत पाणी भरलं तर हवा कुठून जाणार?" हवा नाही तर ऑक्सिजनही नाही आणि नायट्रोजनही नाही. तिथे चर काढून पाणी बाहेर घालवणं हे कुठल्याही औषधाआधीचं काम होतं.

वांग्यांच्या कडेच्या ओळीत मात्र एका सोयाबीनच्या मुळावर गुलाबी गाठींच्या खाली एक सूज सापडली. घासून सुटली नाही. मी ती लपवली नाही. सूत्रकृमी जमिनीत आहेत आणि ते सोयाबीनलाही लागू शकतात, हे आण्णांना सरळ सांगितलं. औषध द्यायचं की नाही हे मी सांगणार नव्हते. तो माझा अधिकार नाही. मातीचा आणि मुळांचा नमुना कृषी सहायकांकडे द्यायचं ठरलं. पण पंधरांपैकी चौदा जागी ज्याला ते मारायला निघाले होते तो त्यांचाच गडी होता. आणि ते दाणे सबंध शेतात पडले असते तर गांडुळांवर, दाणे टिपणाऱ्या पाखरांवर आणि उघड्या हाताने टाकणाऱ्या माणसावर काय आलं असतं, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो. हातमोजे तिथे नव्हते.

संध्याकाळी पिशव्या दुकानात परत गेल्या. दुकानदाराने कुरकुर करत का होईना, घेतल्या. नंतर मुलांनी वांग्याची जागा मोकळी करून तिथे झेंडू लावला. त्याच्या मुळांतल्या द्रव्यांनी या सूत्रकृमींची वाढ रोखली जाते.

निघताना आण्णांनी विचारलं होतं, "काढणीनंतर ह्या गाठींचं काय होतं?" म्हटलं, बरंचसं नत्र शेंगेत, दाण्यात जातं. पण मुळं जमिनीत राहिली तर जे उरतं ते तिथेच कुजून पुढच्या पिकाला मिळतं. उपटलं तर मुळाबरोबर त्यातलंही काही जातं.

ऑक्टोबरात ज्वारीच्या पेरणीआधी त्या बाजूने गेले तेव्हा रान रिकामं होतं. ओळीने बोटभर उंचीची सोयाबीनची खुंटं उभी होती, सगळी विळ्याने कापलेली. बांधावर मुलगा भेटला. म्हणाला, आण्णांनी मजूर बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं, उपटायचं न्हाई, कापायचं. एकीने विचारलं का, तर त्यांनी एक मूळ खणून काढलं आणि तिच्या हातावर गाठ फोडून दाखवली. तेव्हा ती वाळून तपकिरी झाली होती.

"मग आण्णा काय म्हणाले?"

"म्हणाले, श्रावणात यायला पायजे व्हतं."